भागिरथाने उचललेला कॅरम बोर्ड

मित्रांनो, मी एक जुना कॅरम बोर्ड आहे आणि माझ्या अंगावर कुऱ्हाडीचा घाव आहे. वरच्या चौकटीपासून थेट मधल्या गोलापर्यंत तो गेला आहे. नवीन माणूस खेळायला बसला की आधी त्या घावात बोट घालून बघतो आणि विचारतो, "हे कसं झालं?" भोवतीची माणसं त्याला दोन वाक्यांत उत्तर देतात. मी आज तुम्हाला सगळं सांगणार आहे. ऐकायला ते सोपं नाही. पण जो खेळतो त्याने ते ऐकावं, असं मला वाटतं.

माझा जन्म १९७४ साली रिसोडला एका मिस्त्रीच्या हातून झाला. माझी चौकट बाभळीची. ती बाभूळ एका शेताच्या धुऱ्यावर उभी होती. तिला पाडलं, करवतीने चिरलं, रंध्याने तासलं. मग चारी कोपऱ्यांत खिळे ठोकून तिच्यात प्लायवूडची फळी बसवली. प्रत्येक खिळ्याला मी थरथरलो. मिस्त्रीने आठ दिवस मला कानशीने घासलं आणि काचपेपरने चोळलं. त्या माराचा मला राग नाही. तो मला घडवत होता. मोडण्यासाठी मारतात तो मार वेगळा असतो, हे मला पुढे समजलं.

मिस्त्रीने मला रिसोडच्या बाजारातल्या एका दुकानात दिलं. तिथे पाट्या, दौती, फुटबॉल, लेझीम असं सगळं मिळायचं. भिंतीवर आम्ही तीन बोर्ड टांगलेले होतो. डावीकडे मुंबईहून आलेला मोठा, जाड फळीचा आणि आरशासारखा चकचकीत. उजवीकडे स्वस्तातला, पातळ, मधोमध रंगीत कमळ काढलेला. मध्ये मी. ना फार महाग, ना फार देखणा. लोक यायचे, डावीकडे बघून उसासा टाकायचे, उजवीकडचा घेऊन जायचे. दोन महिने माझ्याकडे कोणी वळलं नाही.

एका बाजाराच्या दिवशी तीन माणसं दुकानात आली. पुढे होता देवमन, मेडशीच्या सडकेची डागडुजी करणारा मैलकुली, अंगाने आडवा आणि बोलायला सावकाश. त्याच्या मागे त्याचा धाकटा भाऊ इंद्रभान, वीस-बावीस वर्षांचा. आणि दोघांच्या मागे देवमनची बायको भागिरथा. दुष्काळाच्या दोन वर्षांत तिने सडकेवर बसून गिट्टी फोडली होती. तिच्या दोन्ही तळहातांना दगडांनी पाडलेल्या भेगा होत्या. ते तिघे त्यांच्या गावच्या बौद्ध वस्तीतून आले होते आणि वस्तीतल्या सगळ्यांनी मिळून जमवलेले पैसे देवमनच्या बंडीच्या आतल्या खिशात होते.

दुकानदाराने विचारलं, "कोण्या गावचे?"

"मेडशीकडले," देवमन म्हणाला.

"मेडशीकडले कोनाकडचे?"

दुकानदाराला काय विचारायचं आहे ते तिघांनाही कळलं. देवमन शांतपणे म्हणाला, "आमच्याच घरचे. कॅरम दाखवा."

आम्हा तिघांना खाली उतरवलं. इंद्रभान मोठ्या बोर्डापुढे बसला आणि त्याचे डोळे बदलले. त्याने फळीला डोळा लावून ती कुठे वाकली आहे का ते पाहिलं. मग एका वितीवरून सोंगटी सोडली आणि ती किती वेळा उसळते ते मोजलं. स्ट्रायकर मागून घेतला, मारायला उजवा हात पुढे केला, आणि थांबला. त्याचं उजव्या हाताचं पहिलं बोट मधल्या पेरापासून वाकडं होतं. ते सरळ होतच नव्हतं. त्याने स्ट्रायकर डाव्या हातात घेतला.

"दादा, हाच घेऊ," तो म्हणाला. "याच्यावर सोंगटी पान्यावानी जाते."

"पान्यावानी जाते, आन् आपला पैसा बी पान्यावानी जाते," देवमन म्हणाला. "सारा यातच गेला तं सोंगट्या अन् स्ट्रायकर कायनं घेशीन? हा कमळवाला पाय. चांगला दिसते. गावातले पायतीन तं जळतीन."

"जळवायले आलो का खेळायले आलो?"

दोघे भाऊ बराच वेळ घोळ घालत बसले.  मग भागिरथा पुढे झाली आणि मधल्या बोटाच्या गाठीने तिने कमळाच्या बोर्डावर टकटक केलं. मग माझ्यावर केलं. मग पुन्हा कमळावर.

"दोन वर्सं गोटे फोडले म्या," ती म्हणाली. "आवाजावरून कळते, आतून भेग हाय का नाई. हा टिनाच्या डब्यावानी वाजते. एका पावसाळ्यात फुगंन. हा भरीव हाय." तिने माझ्यावर हात ठेवला. "हा घ्या. उरल्या पैशात स्ट्रायकर भारीतला घ्या, सोंगट्या लाकडाच्या घ्या."

"आन् स्टँड?" देवमनने विचारलं.

"पोत्यावर ठेवा. खेळ वरून होते, खालून नाई."

मित्रांनो, अशी माझी निवड झाली. मला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी वाजवून पाहिलं होतं आणि चांगला म्हटलं होतं. एस.टी.च्या टपावर, ज्वारीच्या दोन पोत्यांमध्ये बांधलेला मी, सगळी वाट आनंदात हिंदकळत आलो.

वस्तीत विटांचं आणि टिनाचं एक छोटंसं विहार होतं. मला तिथे ठेवलं. वस्तीला कॅरम का हवा होता, ते मी पहिल्याच आठवड्यात ऐकलं. गावच्या चावडीत सरकारकडून आलेला एक कॅरम होता. सगळ्या गावासाठी म्हणून आलेला. वर्षभरापूर्वी इंद्रभान तिथे उभा राहून खेळ बघत होता. कोणीतरी उठून गेलं, जागा रिकामी झाली, आणि तो बसला. त्याने एकच सोंगटी मारली. ती खिशात गेली. पाटलांचा पुतण्या पुंजाजी समोर बसलेला होता. तो उठला, त्याने इंद्रभानचा हात धरून चौकटीवर ठेवला आणि लाकडी पाटाने ते बोट चेचलं. "ज्या बोटानं फळी बाटवली तेच," असं म्हणाला. चावडीत दहा-बारा माणसं होती. एकही मध्ये पडला नाही. इंद्रभान बोट मुठीत धरून घरी आला. हाड बसवणाऱ्याने ते बसवलं ते वाकडंच.

म्हणून वस्तीने आपला स्वतःचा कॅरम घेतला होता.

इंद्रभान डाव्या हाताने शिकू लागला. पहिले चार महिने स्ट्रायकर त्याच्या हातून कुठेही जायचा. माझ्या चौकटीवर आदळून उलटा यायचा, खाली पडायचा, एकदा तर बघत बसलेल्या माणसाच्या कपाळावर लागून रक्त निघालं. इंद्रभान रागाने स्वतःच्याच हातावर चापट मारायचा. पण तो थांबला नाही. सकाळी कामाला जाण्याआधी आणि दुपारच्या सुट्टीत तो एकटा बसायचा. हळूहळू त्याचा मार सरळ झाला. मग असा झाला की मलाच माझ्या अंगावर काय चाललंय याचा अभिमान वाटावा. तो मारताना माझ्या चारही कडांचा विचार करायचा. कुठली कड किती जोरात परत फेकते, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

विहारात सगळं गोडीगुलाबीत चालायचं असं नाही. एकदा राणीवरून दोन तरुणांची जुंपली. एकाने दुसऱ्याचं डोकं माझ्या कोपऱ्यावर आपटलं. माझ्या खिशाची जाळी रक्ताने भिजली. देवमनने दोघांच्या मानगुटी धरून बाहेर काढलं आणि नेम घालून दिला, "ज्यानं हात उगारला तो महिनाभर विहारात खेळनार नाई. हात फक्त स्ट्रायकरवर चालला पायजे." हा नेम त्याने सगळ्यांना पाळायला लावला. पण नेम वस्तीपुरता होता. बाहेरून टिनावर दगड पडायचे. खेळ रंगात आला की धाडकन आवाज यायचा, टिनाला खोक पडायची. पुंजाजी आणि त्याचे मित्र हसत पुढे जायचे. वस्तीतली माणसं क्षणभर मान खाली घालायची आणि मग पुन्हा सोंगट्या मांडायची.

१९७६ सालच्या सव्वीस जानेवारीला मेडशीत बाजाराच्या मैदानावर मांडव टाकून कॅरमचे सामने ठेवले होते. आजूबाजूच्या वीस गावांचे खेळाडू येणार होते. भरवणाऱ्यांकडे बोर्ड कमी पडले, म्हणून त्यांनी ज्याच्याकडे असेल त्याने आणावा असा निरोप धाडला. देवमनने मला सायकलच्या कॅरिअरवर बांधलं आणि मेडशीला नेलं.

इंद्रभान एकामागून एक डाव जिंकत गेला. शेवटच्या सामन्यात त्याच्यासमोर कोण आलं असेल? पुंजाजी. आणि तो सामना माझ्यावर खेळायचा ठरला.

पुंजाजी मला बघून उभाच राहिला. "ह्या त्यांच्या फळीवर मी हात लावत नाई," तो म्हणाला. "दुसरी आना."

पंच होता एस.टी.चा एक कंडक्टर. खेळाचा वेडा. त्याने शिटी तोंडातून काढली. "दुसरीच्या स्टँडचा पाय मोडला हाय. खेळाचं असंन तं याच्यावर, नाई तं उठा, मी याले जितला म्हनून सांगतो."

मांडवभर माणसं बघत होती. पुंजाजी बसला.  त्याचा मार जबरदस्त होता, पण रागाचा होता. सोंगट्या खिशाच्या तोंडावर आपटून परत येत होत्या. इंद्रभान मात्र डाव्या हाताने हळूहळू एकेक सोंगटी उचलत गेला. शेवटी राणी आणि एक पांढरी सोंगटी उरली. त्याने राणी घेतली, आणि लगेच पांढरी आडव्या कडेवर आपटून मागच्या खिशात नेली. मांडवातून टाळ्या उठल्या. बक्षीस म्हणून त्याला एक पितळी पेला मिळाला.

पुंजाजी उठताना वाकला आणि इंद्रभानच्या कानाशी बोलला. मी जवळ होतो म्हणून मला ऐकू आलं.

"आता दुसरा हात."

तिसऱ्या दिवशी दुपारी वस्तीतले पुरुष कामावर गेले होते. देवमन सडकेवर होता. इंद्रभान विहारात बसून मला पावडर लावत होता. भागिरथा शेजारच्या ओट्यावर ज्वारी निवडत होती. सात माणसं आली. सहांच्या हातात काठ्या, पुंजाजीच्या हातात कुऱ्हाड. आधी त्यांनी दाराची फळी तोडली. मग आतली समई फेकली, भिंतीवरच्या तसबिरी फोडल्या. काचांचे तुकडे माझ्यावर पाऊस पडावा तसे पडले.

इंद्रभान उठायच्या आत दोघांनी त्याला खाली पाडलं. एकाने त्याच्या पाठीवर गुडघा दिला.

"कोन्या हातानं खेळला रे?" पुंजाजीने विचारलं.

 त्यांना माहीतच होतं. त्यांनी त्याचा डावा हात ओढला आणि मनगट माझ्या चौकटीवर आडवं ठेवलं.

मित्रांनो, इथे मला थांबावंसं वाटतं. ती बाभळीची चौकट मिस्त्रीने इतकी घट्ट बनवली होती की स्ट्रायकरच्या हजारो माराने तिला भेग पडली नव्हती. त्या घट्टपणाचा मला अभिमान होता. पण त्या दुपारी काठी पडली तेव्हा मनगट वाकलं आणि चौकट वाकली नाही. हाड मोडल्याचा आवाज माझ्या लाकडातून गेला. जर मी टिनाच्या डब्यासारखा पातळ असतो, तर मी मोडलो असतो आणि ते हाड वाचलं असतं. हा विचार मला अजून सोडत नाही.

इंद्रभानची किंकाळी ऐकून भागिरथा धावत आली. तोवर त्यांनी त्याला उताणं केलं होतं आणि पुंजाजीने कुऱ्हाड वर उचलली होती. तिच्या हातात काहीच नव्हतं. ज्वारीचं सूप ती ओट्यावर टाकून आली होती. तिने खाली पाहिलं, मला दोन्ही हातांनी पोत्यावरून उचललं, इंद्रभानच्या अंगावर ओणवी झाली आणि मला स्वतःच्या डोक्यावर धरलं.

कुऱ्हाड माझ्यावर पडली.

आधी चौकट फुटली. मग पातं फळीतून खाली उतरत आलं आणि तिच्या कपाळापासून चार बोटांवर थांबलं. ते माझ्यात रुतून बसलं. पुंजाजीने ओढलं, निघालं नाही. त्याने पाय लावून ओढलं, तरी निघालं नाही. मी ते धरून ठेवलं असं मी म्हणत नाही. लाकडाला काही कळत नाही असं माणसं म्हणतात. पण ते निघालं नाही, एवढं खरं.

मग काठ्या सुरू झाल्या. भागिरथाच्या पाठीवर, खांद्यावर, कोपरावर. तिचा डावा खांदा तुटला तो मला कळला, कारण माझी एक बाजू एकदम खाली आली. उजव्या हाताने तिने मला धरूनच ठेवलं. ती रडत नव्हती. एकच बोलत होती, "मार. मार. माह्या अंगावरून जाय अन् मंग याले मार."

त्याच वेळी वस्तीबाहेरच्या वाटेने जवळच्या बंजारा तांड्यावरचा रामधन शेळ्या घेऊन चालला होता. ओरडा ऐकून तो नुसता थांबला नाही, थेट आत आला. एकटा माणूस, हातात शेळ्या हाकायची काठी आणि मागे दोन कुत्री. त्याने दारात उभं राहून अशी आरोळी दिली की शेतातली माणसं पळत निघाली. एकाला त्याने काठीने पाडलं, एकाची पोटरी कुत्र्याने धरली. पुंजाजीने कुऱ्हाड सोडली आणि ते सगळे पळाले. कुऱ्हाड माझ्यातच राहिली.

पोलीस आले. पंचनामा झाला. मला कुऱ्हाडीसकट उचलून नेलं, दोरीने एक चिठ्ठी बांधली आणि एका अंधाऱ्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलं. माझं नाव आता कॅरम नव्हतं, मुद्देमाल होतं.

खटला उभा राहीपर्यंत मी त्या खोलीत जवळजवळ अडीच वर्षं होतो. माझ्या शेजारी रक्त वाळलेलं एक लुगडं होतं, मूठ तुटलेले चाकू होते, एक वाकलेली पहार होती, एका लहान लेकराचा अंगरखा होता. त्या अंगरख्याकडे मला बघवायचं नाही. प्रत्येक वस्तू कोणाच्या तरी मारातून आलेली. उंदरांनी माझ्या खिशांच्या जाळ्या कुरतडल्या. ओल आली, फळीचा एक पापुद्रा उठला. कोणी पुसलं नाही, कोणी पावडर लावली नाही. खेळाचा आवाज कसा असतो, हे मी विसरत चाललो.

१९७८ साली खटला उभा राहिला. मला आणि माझ्यातून काढलेल्या कुऱ्हाडीला कोर्टात नेऊन टेबलावर ठेवलं. तिथे मी बाहेरच्या बातम्या ऐकल्या. साक्ष देऊ नको म्हणून रामधनची कडब्याची गंजी पेटवली होती. त्याच्या दोन शेळ्यांचे पाय तोडून त्या त्याच्या दारात टाकल्या होत्या. तरी तो आला. पुंजाजीच्या वकिलाने त्याला विचारलं, "तुमचा आणि या लोकांचा काय संबंध?"

रामधन म्हणाला, "काई नाई, साहेब. मी वाटेनं चाललो होतो."

"मग मध्ये का पडलात?"

रामधनला तो प्रश्नच नीट कळला नाही. "बाई मार खाऊन राह्यली होती," तो म्हणाला. "अजून काय पायजे होतं?"

नंतर भागिरथा उभी राहिली. वकिलाने माझ्याकडे बोट दाखवलं. "ही फळी तुम्हीच फोडलीत. खोटा पुरावा तयार केलात. एवढा जड बोर्ड बाईमाणूस डोक्यावर धरते आणि कुऱ्हाड झेलते, हे कोणी खरं मानेल का? धरून दाखवा. दोन्ही हातांनी."

शिपायाने मला तिच्याजवळ आणलं. तिने उजव्या हाताने मला उचललं. तिचा हात पूर्वीसारखाच खरखरीत होता. डावा हात तिने पुढे केला, तो कमरेपर्यंत आला आणि तिथेच थांबला. तिने पुन्हा जोर लावला. तिच्या कपाळावर घाम आला. हात वर गेला नाही.

"दोन्ही हातांनी म्हटलं मी," वकील म्हणाला.

"साहेब," भागिरथा म्हणाली, "हा हात तवा वर होता. तवापासून खालीच हाय."

 न्यायाधीशांनी तिला बसायला सांगितलं.

पुंजाजीला पाच वर्षांची सक्तमजुरी झाली. दोघांना दोन-दोन वर्षं. बाकीचे चौघे पुरावा कमी पडला म्हणून सुटले आणि त्याच एस.टी.ने गावी गेले ज्या एस.टी.ने भागिरथा गेली. ते मागच्या बाकावर बसून मोठमोठ्याने हसत होते, असं मी नंतर ऐकलं. न्याय झाला असं देवमन म्हणतो. इंद्रभान तसं म्हणत नाही. मी लाकूड आहे. मला एवढंच माहीत आहे की मोडलेलं हाड निकालाने जुळत नाही.

पुढच्या वर्षी, म्हणजे १९७९ साली, मला परत दिलं. देवमनने माझी चिठ्ठी सोडली आणि मला घरी आणलं. मला वाटलं होतं सगळे धावत येतील. आले, लांबून बघून गेले. विहारात कॅरमचं नाव काढायला लोक तयार नव्हते. मला देवमनच्या घराच्या पडवीत गवऱ्यांच्या बाजूला ठेवलं.

इंद्रभान तर माझ्याकडे बघायचाच नाही. तो बदलला होता. उजव्या हाताचं बोट वाकडं, डावं मनगट लाकडासारखं ताठ. शेतावर त्याला जड काम होत नव्हतं. कोणी जरा मोठ्याने बोललं की अंगावर जायचा. बैलाला मारायचा, मडकी फोडायचा. एकदा देवमनची त्याने कॉलर धरली. पुंजाजीने जे त्याच्या अंगावर घातलं होतं, ते तो आता ज्याच्या त्याच्या अंगावर घालत सुटला होता.

एके दिवशी सकाळी तो पडवीत आला. त्याच्या हातात जळतण फोडायची कुऱ्हाड होती. मला वाटलं तो लाकडं फोडायला आला. तो माझ्यासमोर उभा राहिला.

"तुह्याच पायी झालं सारं," तो मला म्हणाला.

पहिला घाव माझ्या डाव्या कोपऱ्यावर बसला. खिसा फुटून उडाला. दुसऱ्यासाठी त्याने कुऱ्हाड उचलली, तोच भागिरथा आली. तिने उजव्या हाताने त्याच्या थोबाडीत अशी मारली की तो भिंतीला टेकला.

"कोनाले मारून राह्यला?" ती ओरडली. "त्या फळीनं तुहा हात मोडला का? मोडनारा जेलात हाय. तू त्याचंच काम पुढे चालवून राह्यला!"

"मंग काय करू?" इंद्रभानही ओरडला. "हा हात पाय! हा पाय! खेळू कायनं मी? घरात ठेवली ती फळी, रोज दिसते मले! जाळून टाकू दे, वयनी!"

तो रडायला लागला. मनगट मोडलं तेव्हा तो रडला नव्हता. आता सत्ताविसाव्या वर्षी लहान लेकरासारखा रडत होता. भागिरथा तिथेच उभी राहून श्वास घेत होती. मग तिने कुऱ्हाड त्याच्या हातातून घेऊन लांब ठेवली. गवऱ्या बाजूला सारल्या. पोतं अंथरलं. एका हाताने मला ओढत आणून त्यावर ठेवलं आणि पदराने माझ्यावरची धूळ पुसली. सोंगट्यांची पुरचुंडी आणून ओतली. मग ती माझ्यासमोर मांडी घालून बसली.

"बस," ती म्हणाली.

"कायले?"

"मले शिकव."



"पाच वर्सं झाले ही फळी आनून," भागिरथा म्हणाली. "एकानं तरी मले म्हटलं का, वयनी, एक डाव बस? तुहा हात गेला, मान्य हाय. माहा एक अजून चालते. तुले सारं ठाऊक हाय अन् माह्याजवळ हात हाय. मंग अडलं काय?"

मित्रांनो, मी त्या बाईच्या दोन्ही हातांत होतो तेव्हा तिच्यासाठी कुऱ्हाड झेलली. पण तिला कोणी खेळायला बोलावलं नाही, हे माझ्याही कधी ध्यानात आलं नव्हतं.

इंद्रभान डोळे पुसून बसला.  मग त्याने आपल्या ताठ मनगटाने तिचा कोपर थोडा खाली केला. "असं नाई. बोट ताठ नको ठेवू. नखानं मारायचं, पेरानं नाई. सोंगटीकडे पाय, स्ट्रायकरकडे नको पाहू."

तिने मारलं. स्ट्रायकर तिरका गेला आणि थेट माझ्या कुऱ्हाडीच्या घावात जाऊन अडकला.

दोघेही तिकडे बघत राहिले.

"यात गेला तं काय करतेत?" भागिरथाने विचारलं.

इंद्रभानने विचार केला. असा नेम कुठेच लिहिलेला नव्हता.

"यात गेला तं," तो म्हणाला, "पुन्हा मारायचं."

तिने पुन्हा मारलं.

आता दुपारी पडवीत बायका येतात. वच्छला येते, गंगू येते, तांड्यावरून रामधनची बायको हिरीबाई शेळ्या बाहेर बांधून येते. इंद्रभान भिंतीला टेकून बसतो आणि सगळ्यांना ओरडतो, पण त्या ओरडण्याला आता कोणी भीत नाही. माझा फुटलेला कोपरा त्याने स्वतःच तारेने बांधला. वाकड्या बोटाने आणि ताठ मनगटाने त्याला दोन दिवस लागले.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी असेल तर त्याला उन्हात ठेवू नका, ओलीत ठेवू नका, खेळ झाला की पुसून भिंतीला टेकवा. रागाच्या भरात त्याच्यावर हात टाकू नका. पण एवढ्याने माझी काळजी पूर्ण होत नाही. खेळायला बसाल तेव्हा एकदा मान वर करा. दारात कोण उभं आहे, कोण केव्हापासून नुसतंच बघतंय, ते पाहा. आणि जरा सरकून बसा.